वृक्ष क्रमांक ४१७ यांचा मोतीबिंदू

शहरातल्या प्रत्येक गोष्टीची नोंद एकाच ठिकाणी असावी, असा ठराव नगरपंचायतीत एकमताने मंजूर झाला. एकमत सहज झाले, कारण ठराव कोणालाच कळला नव्हता. तोवर माणसांचे सॉफ्टवेअर वेगळे होते, झाडांचे वेगळे, नळांचे वेगळे आणि मोकाट कुत्र्यांचे वेगळे. हा भेदभाव काळाला धरून नव्हता. ‘एक शहर, एक नोंद’ या योजनेखाली माणूस, झाड, नळ आणि कुत्रा हे सर्व यापुढे ‘घटक’ म्हणून ओळखले जाणार होते.

ही नगरपंचायत दोंडाईच्याच्या बाजूची. नाव सांगत नाही. सांगितले तर बाकीच्या नगरपंचायती ‘आमचे काम काय कमी आहे का?’ म्हणून रुसतील.

काम मिळाले जळगावच्या ‘तापीतीर्थ इन्फोसेवा’ नावाच्या कंपनीला आणि कंपनीत ते आले तबस्सुम मणियारच्या टेबलावर. तबस्सुम सव्वीस वर्षांची. तिचे वडील गफूरभाई यांचे बांगड्यांचे दुकान. घरात पहिली इंजिनियर तीच. पोरगी नेमके काय करते हे गफूरभाईंना कळत नसे, म्हणून एकदा तिने जेवताना समजावले होते. “अब्बू, क्लास म्हणजे कोरा फॉर्म. तो भरला की झाला ऑब्जेक्ट. माणसांचा फॉर्म वेगळा, झाडांचा वेगळा. मला या फॉर्मातला कोणता रकाना नव्या फॉर्मातल्या कोणत्या रकान्यात ओतायचा ते ठरवायचंय. याला मॅपिंग म्हणतात.”

“मग हात बघून ठरव,” गफूरभाई म्हणाले. “बांगडीवरचा आकडा बघून नको.”

तबस्सुम हात बघूनच ठरवत होती. दोनशे चौदा रकाने होते. अकरा दिवस ती एकेक रकाना उघडून त्यात खरोखर काय भरले आहे ते वाचत होती. बाराव्या दिवशी तिचे साहेब, कुंदन भंगाळे, तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“किती झालं?”

“एकशे तीस, सर. ‘स्थिती’वर अडलंय. माणसांच्या ‘स्थिती’त हयात आणि मयत, दोनच. झाडांच्या ‘स्थिती’त उभे, वठलेले, पडलेले, धोकादायक.”

“मग त्यात काय? आमच्या भावकीत चारही प्रकारचे आहेत.” कुंदनसरांनी घड्याळ पाहिले. “शुक्रवारी उद्घाटन आहे. तयार टूल आहे ना आपल्याकडे? लाव ऑटोवर. नावाला नाव, वयाला वय, पत्त्याला पत्ता. यात अक्कल कशाला लागते?”

“सर, रकान्याचं नाव सारखं असलं म्हणजे अर्थ सारखा असेल असं नाही. झाडाचं ‘नाव’ म्हणजे त्याची जात. शिवाय टूल दुहेरी नोंदी शोधून एक करतं. दोन सारख्या दिसल्या की नंतरची ठेवतं, आधीची पुसतं.”

“मला ईमेल कर,” कुंदनसर म्हणाले. तिने सविस्तर ईमेल केला. त्याला उत्तर म्हणून एक अंगठा आला. गुरुवारी माणसे ओतली, शुक्रवारी सकाळी झाडे. दुपारी नारळ फुटला. चोवीस हजार घटक सव्वा मिनिटात एकत्र आले, असे निवेदकाने सांगितल्यावर टाळ्या पडल्या. तबस्सुमला गुलाबाचे फूल आणि ‘डिजिटल कन्या’ असे प्रमाणपत्र मिळाले. तिने ते बॅगेत खाली, डब्याच्याही खाली ठेवले.

महिन्याभराने, एका सोमवारी, कंपनीच्या जळगावच्या ऑफिसात दोन म्हातारी माणसे आली. बाई पुढे, आबा तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे. आबांच्या गळ्यात सुतळीने बांधलेला पत्र्याचा बिल्ला होता, त्यावर ४१७. धोतराखाली पायांना घोट्यापासून गुडघ्यापर्यंत खाली गेरू आणि वर चुना, असे दोन पट्टे मारलेले होते.

“तबस्सुम कोन शे?” बाईंनी विचारले. “नगरपंचायतमा रुपचंदभाऊनी हाई नाव दिधं.”

तबस्सुमने दोघांना बसवले, चहा मागवला. आबा म्हणजे निंबा हिलाल सोनवणे, वय सहासष्ट, एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. बाई म्हणजे त्यांची बायको कुंदाबाई. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पुरता गेलेला, डावा जायच्या बेतात. मागच्या आठवड्यात त्यांनी दारात आलेल्या गायीला “या पाव्हनं, बसा” म्हटले होते. एकतीस वर्षे एकही अपघात न करता गाडी चालवलेला माणूस स्वतःच्या ओट्यावरून दोनदा पडला होता.

ऑपरेशनसाठी ते धुळ्याच्या एका दवाखान्यात गेले. सरकारी आरोग्य योजनेत पैसे लागत नव्हते, फक्त नोंद लागत होती. खिडकीतल्या मुलीने नंबर टाकला, पडदा वाचला, पुन्हा वाचला आणि अत्यंत अदबीने म्हणाली, “आजोबा, तुम्ही वृक्ष आहात. घेर एकशे चाळीस सेंटीमीटर, स्थिती उभा, फांद्या निरोगी. मोतीबिंदू काढायला डोळे लागतात. तो रकानाच तुमच्यात नाही.”

तिथून ते नगरपंचायतीत गेले. नोडल कर्मचारी रुपचंद अहिरराव हे कर्तव्यदक्ष गृहस्थ. त्यांनी माणसांच्या खिडकीवर झाडाचे काम करता येत नाही, हे समजावून आबांना उद्यान विभागात पाठवले. उद्यान विभागाने तपासले, तर ४१७ ची दोन कामे थकलेली निघाली. बिल्ला ठोकणे आणि गेरू-चुना मारणे. दुसऱ्याच दिवशी दोन माणसे डबे घेऊन घरी आली. बिल्ला खिळ्याने ठोकायचा नियम होता. कुंदाबाई मुसळ घेऊन उभ्या राहिल्या, तेव्हा खास बाब म्हणून सुतळी मंजूर झाली.

“तीस-एकतीस वरीस येश्टी चालाडी मी,” आबा म्हणाले. “झाड कधी गाडी लिसन धुयाले जाई ऊनं का, बेटी?”

“हाऊ झाड ऱ्हाता तं बरं व्हतं,” कुंदाबाई म्हणाल्या. “सावली तरी पडती.”

तबस्सुमने नोंद उघडली आणि तिला घडलेले सगळे दिसले. आबांच्या जन्माच्या वर्षी त्यांच्या वडिलांनी दारासमोर कडुनिंब लावला होता. पोराचे नाव निंबा. वृक्षगणनेत झाडाचे नाव निंब, वय सहासष्ट, पत्ता सोनवण्यांच्या घराचा. नाव जवळपास तेच, वय तेच, पत्ता तोच. एका कान्याचा फरक टूलने मोठ्या मनाने माफ केला, दोघांना एक केले आणि शेवटी आलेले झाड ठेवले. माणूस पुसला.

तिने कीबोर्ड पुढे ओढला. “दोन मिनिटांचं काम आहे, आबा. आत्ता करते.”

“हात लावू नकोस,” मागून कुंदनसर म्हणाले. “डेटा नगरपंचायतीचा आहे. त्यांच्याकडून विहित नमुन्यात मागणी आली पाहिजे.”

विहित नमुना काढला, तर त्यात प्रकार बदलण्याची सोयच नव्हती. ऑब्जेक्ट ज्या क्लासात जन्मतो त्याच क्लासात मरतो. आपल्याकडे ही पद्धत संगणकाच्या फार आधीपासून आहे, त्यामुळे नमुना करणाऱ्याला त्यात वावगे वाटले नसावे. मार्ग एकच होता. आधीचा घटक नष्ट करायचा आणि नवा निर्माण करायचा. वृक्ष नष्ट करायचा तर तोडण्याची परवानगी लागते.

तबस्सुम रजा टाकून त्यांच्याबरोबर नगरपंचायतीत गेली. रुपचंदभाऊंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिले आणि अर्ज दिला. आबांनी सहीसाठी हात पुढे केला, तेव्हा त्यांनी तो नम्रपणे बाजूला सारला.

“झाडाला अर्ज करता येत नाही. मालकाने करायचा असतो.”

“मालक मी,” कुंदाबाई तत्काळ म्हणाल्या आणि सही करून टाकली. तोडण्याचे कारण या रकान्यापाशी रुपचंदभाऊ थांबले. वाळवी, धोकादायक, की अडथळा?

“अडथया लिखा. ओसरीमा आडवा पडस, मंग कोनले चालाले जागा ऱ्हात नही.”

नियमानुसार वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आली. सोनवणे यांच्या घरी असलेला सहासष्ट वर्षांचा निंब तोडण्याचे योजले असून कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत कळवावे. गावात अशा नोटिशीला आजवर कोणी विचारले नव्हते. पण त्या आठवड्यात पर्यावरण दिन होता. त्रेसष्ट हरकती आल्या. पैकी साठ ‘हरित श्वास’ या संस्थेच्या होत्या आणि संस्था मयुरीताईंची होती. मयुरीताई धुळ्याहून गाडीने येत आणि गाडीतला एसी चालू ठेवून उतरत, म्हणजे परत जाताना निसर्गाचा त्रास होत नसे.

जागेवरच सुनावणी ठरली. सोनवण्यांच्या दारात मंडप पडला, खुर्च्या आल्या, माईक आला. ४१७ यांना मधोमध खुर्चीवर बसवून हार घातला. तीस-चाळीस मुलींनी त्यांच्याभोवती साखळी केली. मयुरीताईंनी त्यांना मिठी मारली, फोटो नीट न आल्याने पुन्हा मारली.

“बाई,” आबा गुदमरून म्हणाले, “मी मानूस शे.”

मयुरीताईंचे डोळे भरून आले. त्या माईककडे वळल्या. “ऐकलंत? प्रत्येक झाड माणूसच असतं!”

टाळ्या थांबेनात. तबस्सुम गर्दीतून वाट काढत माईकपर्यंत जायचा प्रयत्न करत होती, तेवढ्यात तिला मंडपामागून करवतीचा आवाज आला. ‘झाड वाचवा, श्वास वाचवा’ हा तीस फुटांचा फलक दारातल्या कडुनिंबामुळे रस्त्यावरून दिसत नव्हता. मंडपवाल्याची दोन माणसे यंत्राची करवत घेऊन बुंध्याला बसली होती.

ती धावत रुपचंदभाऊंकडे गेली. “अहो, ते झाड तोडताहेत!”

“कोणतं झाड?” रुपचंदभाऊंनी टॅब उघडला, बोटाने पत्ता शोधला. “या पत्त्यावर एकच झाड आहे आणि ते खुर्चीवर बसलंय.”

“डोळ्यांनी बघा ना जरा!”

“मॅडम, डोळ्यांनी बघून काम करायचं असतं तर तुमचं सॉफ्टवेअर कशाला घेतलं असतं?”

झाड पडले तेव्हा भाषण रंगात आले होते, त्यामुळे आवाज फारसा कोणी ऐकला नाही. आबांनी ऐकला. त्यांनी मान इकडेतिकडे वळवली. “काय पडनं, वं?” त्यांनी विचारले. मग मंडपाच्या कडेने आबांच्या तोंडावर ऊन आले. दुपारी दोन वाजता त्या दारात झाड मोठे झाल्यापासून कधी ऊन आले नव्हते. आबांनी हात वर करून कपाळावर आडवा धरला आणि तो तसाच राहिला. कोणीतरी त्याचाही फोटो काढला.

निकाल संध्याकाळी लागला. वृक्ष क्रमांक ४१७ तोडण्यास कायमची मनाई. सदर वृक्षाचे जतन करण्यात यावे, त्यास जागेवरून हलवू नये.

तबस्सुमने त्या निकालाची प्रत दोनदा वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी ती ऑफिसात बसली, कोणाला न विचारता नोंद ४१७ पुसली आणि जुन्या फाइलमधून निंबा हिलाल सोनवणे यांना जसेच्या तसे परत आणले. नाव, वय, वडिलांचे नाव, स्थिती हयात. कामाला खरोखरच दोन मिनिटे लागली. तिसऱ्या मिनिटात तिने काना नीट लागला आहे ना ते पाहिले.

पुढच्या आठवड्यात धुळ्याला आबांच्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. पट्टी काढायच्या दिवशी तबस्सुम घरी गेली होती. डोळ्यांत थेंब टाकून, काळा चष्मा चढवून आबा ओट्यावर आले.

“दिखस का आते?” कुंदाबाईंनी विचारले.

“दिखस.”

“काय दिखस?”

आबांनी चष्मा सारखा करून दारासमोर बघितले. “तठे काहीच नही शे,” ते म्हणाले आणि आत जाऊन बसले.

जूनअखेर वृक्षांची मोजणी झाली. एक झाड कमी भरले. झाड कमी होणे ही गंभीर बाब असल्याने ताबडतोब चौकशी लागली. नोंद कोणी पुसली, किती वाजता, कोणत्या संगणकावरून, हे सगळे यंत्रणेने प्रामाणिकपणे जपून ठेवले होते. तबस्सुम मणियार हिच्यावर विनापरवाना वृक्षतोडीचा ठपका आला. जतनाचा आदेश असताना केलेली तोड, म्हणजे गुन्हा दुप्पट.

चौकशीला ती निंबाआबांना घेऊनच गेली.

“वृक्ष क्रमांक ४१७ कुठे आहे?” रुपचंदभाऊंनी विचारले. चौकशी अधिकारी म्हणून तेच नेमले गेले होते.

“हे काय, इथे बसलेत. हे माणूस आहेत, भाऊ. तुम्ही यांना ओळखता. तुम्ही यांच्या गाडीतून कॉलेजला जात होतात.”

“ओळख पुरावा होत नाही.” रुपचंदभाऊंनी आबांकडे पाहून हळूच नमस्कार केला आणि परत कागदात पाहिले. “हे माणूस, मान्य. मग झाड कुठे गेलं?”

“तुमच्या मंडपातल्या फलकासाठी तोडलं. तुमच्यासमोर.”

“त्या झाडाची नोंद होती?”

“नव्हती. ती नोंद आबांवर चढली होती.”

“म्हणजे नोंदीत जे नव्हतं ते मंडपवाल्यानं तोडलं. जे नव्हतं ते तोडता येत नाही, तेव्हा तो सुटला. नोंदीत जे होतं ते तुम्ही काढलं. आता झाड एक कमी आहे, आणि काढणारी व्यक्तीही एकच आहे.” त्यांनी पेनाचे टोपण लावले. “माझ्या जागी तुम्ही असता तर काय लिहिलं असतं?”

तबस्सुमला नंतर सर्वांत जास्त राग आला तो या प्रश्नाचाच.

आबा मात्र उठले. “रुपचंद, तू तिकीट नही काढे, तरी मी तुले कॉलेजवर उतारू,” ते म्हणाले. “आते माले पोरीनं डोयं दिधं, तं तिनावर केस करस?”

ही बाब चौकशीच्या कक्षेबाहेर असल्याने तिची नोंद घेण्यात आली नाही. तरी शिक्षा सौम्य झाली, ती कदाचित त्या बिनतिकीट प्रवासामुळेच. नोकरी वाचली. तबस्सुमने स्वखर्चाने शंभर रोपे लावावीत आणि आणखी कोणते वृक्ष धोक्यात आहेत काय, याची संपूर्ण पडताळणी विनामोबदला करून द्यावी, असा आदेश झाला.

तिने पडताळणी केली. यादी छापून आली तेव्हा तिने आधी आकडा पुन्हा मोजला. आणखी सहाशे अकरा माणसे झाडे झालेली होती. बहुतेक सगळे अशोक. काही गुलाब, काही चंपाबाई, एक देवदार नावाचा मुलगा. ज्या झाडांचे वय गणनेत लिहायचे राहिले होते, तो कोरा रकाना टूलने कोणत्याही वयाशी जुळवून घेतला होता. चार महिने हे सहाशे अकरा लोक वृक्ष म्हणून राहत होते. त्यांनी घरपट्टी भरली होती, रांगा लावल्या होत्या, एका पुलाच्या उद्घाटनाला उन्हात दोन तास उभे राहिले होते. कोणाचेही काही अडले नव्हते. तक्रार एकाही जणाची नव्हती.

नगरपंचायतीत तातडीची बैठक बसली. इतकी तोड केल्यास जास्त झाडांबद्दल मिळणाऱ्या पुरस्काराला मुकावे लागेल, यावर सर्वांचे एकमत झाले. मग रुपचंदभाऊंनी मध्यम मार्ग सुचवला आणि सहाशे अकरा मोबाईलवर एक संदेश गेला. ‘आपली नोंद वृक्ष या प्रकारात आहे. हरकत असल्यास सात दिवसांत कार्यालयात समक्ष यावे. न आल्यास आपण आहात तिथे उभे आहात, असे समजण्यात येईल.’

हरकती नोंदवायला तबस्सुमला टेबल दिले. पहिल्या दिवशी कोणी आले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी एक अशोकराव आले. वृक्षाला घरपट्टीत सूट आहे का, असे त्यांनी विचारले. सूट नसली तरी पाणीपट्टी लागत नाही, हे कळल्यावर त्यांनी बायकोसाठीही फॉर्म मागितला. चौथा, पाचवा, सहावा दिवस ती रजिस्टर उघडून बसली. सातव्या दिवशी पाच वाजता रुपचंदभाऊंनी ते मिटले.

“त्यांना संदेश मिळालाच नसेल,” तबस्सुम म्हणाली.

रुपचंदभाऊंनी मोबाईल तिच्यापुढे धरला. सहाशे अकरा ओळी, प्रत्येकीपुढे निळ्या रंगाच्या दोन खुणा. सगळ्यांनी वाचला होता.

योजना यशस्वी ठरल्याने आता ती इतर शहरांना लागू झाली आहे. काम तापीतीर्थ इन्फोसेवालाच मिळाले. तबस्सुमने या वेळी मॅपिंग हाताने करायचे म्हणून सांगितले आणि कुंदनसरांनी तिला ईमेल करायला सांगितले. संदेश जायला सुरुवात झाली आहे. तुम्हालाही आला असेल. लग्नाच्या पत्रिका आणि सुप्रभातच्या फुलांमध्ये कुठेतरी खाली गेला असेल. सवड मिळाली की बघू, असे तुम्ही आता मनाशी म्हणालात ना? त्या सहाशे अकरांनीही हेच म्हटले होते.